शिट्टी आमच्याच सेटच्या पोटात निघाली

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी, उजवा हात अर्थिंगच्या तारेवर ठेवून, खुडबुड्या मेहुण्याचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? ताईचा रक्तदाब? इकडे आम्ही सगळे ठणठणीत. फक्त बायको माझ्याशी मोजकंच बोलते आणि खालच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर अजिबात बोलत नाहीत. कारणं पुढे येतीलच.

सलग पाच रविवार सकाळी दहाला तुम्ही हॅम रेडिओवर, आपल्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर मला हाका मारल्यात आणि मी ओ दिली नाही. ताई फोनवर सांगत होती की तुमच्या मते मी अजून फुगलोय. नाही हो दाजी! फुगलो होतो तो पहिल्या रविवारपर्यंत. (माझ्या रिसीव्हरच्या, फ्रिक्वेन्सी आकड्यांत दाखवणाऱ्या नव्या आकडेपट्टीला तुम्ही 'दुकानातली शोभा' म्हणालात आणि मी तुम्हाला तोंडावर म्हणालो की तुमचं डोकं व्हॉल्व्हच्या जमान्यात अडकलंय. ज्यांनी मला सोल्डरिंग शिकवलं त्यांना! आठवलं की अजून कान तापतात.) त्यानंतर मी फुगलेला नव्हतो, बहिरा होतो. तुमच्या आवाजावर बरोब्बर एक शिट्टी येऊन बसली होती आणि तिच्याखालून तुमचं नुसतं 'हं... हं...' येत होतं. फोनवर माफी मागता आली असती, पण तुमच्याकडे फोन उचलते ताई, आणि तिच्या देखत एक माफी मागितली की ती लहानपणापासूनच्या सगळ्या एकदम वसूल करते.

तर शिट्टी. तुम्ही पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की आधी अँटेनाची तार काढ. शिट्टी गेली तर बाहेरची, राहिली तर घरची. पण सेट मी स्वतः बांधलेला, त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे पोटच्या पोरावर घेण्यासारखं! म्हणून मी अख्ख्या इमारतीवर घेतला. वरच्या बाईंचं वॉशिंग मशीन बंद करवलं, ते कपड्यांसकट. शिंप्याचं शिलाई मशीन बंद करवलं (एका गिऱ्हाइकाची एकच बाही झाली होती). मग दाताच्या डॉक्टरांना दवाखान्याचं मेन स्विच पाडायला लावलं. खुर्चीत एक गृहस्थ अर्धवट कोरलेला दात घेऊन बसले होते. मी वर जाऊन ऐकून खाली येईपर्यंत दहा मिनिटं त्यांनी तोंड मिटलं नाही, आणि मी आल्यावर त्यातून जे बाहेर पडलं ते अजून माझ्या कानात आहे. शिट्टी मात्र जशीच्या तशी. शेवटी, इमारतीत संशय घ्यायला कुणी उरलं नाही तेव्हा, अँटेना उपसली. शिट्टी हसल्यासारखी वाजतच राहिली.

आता ऐका आणि हसा. शिट्टी आकडेपट्टीचीच होती! पट्टीच्या पोटात एक स्फटिक सतत टिकटिकत असतो, आणि त्या टिकटिकीच्या पटीतला एक सूर नेमका आपल्या जागेवर पडत होता. म्हणजे तुमची जागा बिनचूक दाखवणारी वस्तूच तुमच्या तोंडावर हात ठेवून बसली होती. मी हार मानली नाही. बायकोचा बटणांचा पत्र्याचा डबा रिकामा करून पट्टी त्यात कोंडली (बटणं अजून सापडताहेत, काल एक माझ्या चहात होतं). डब्यात शिरणाऱ्या प्रत्येक तारेला कपॅसिटर लावला, वर फेराइटचे मणी ओवले. बायको म्हणाली, मला पंधरा वर्षांत एक माळ नाही आणि डब्याला तीन. एवढं करून कुकरच्या शिट्टीचा डास झाला, पण डासही तुमच्याच फ्रिक्वेन्सीवर गुणगुणायचा. मग मी पट्टीला स्विच बसवला. पट्टी बंद केली की शिट्टी साफ गायब, फक्त आपण कुठे आहोत ते कळत नाही.

गेल्या रविवारी पट्टी बंद करून, अंदाजाने बटण फिरवत, मी तुम्हाला गाठलं. सिग्नल क्षीण होता, पण कॉल साइनची, म्हणजे रेडिओवरच्या नावाची, शेवटची दोन अक्षरं तुमची वाटली, आणि आवाज जरा सर्दी झाल्यासारखा होता (बटण केसभर चुकलं की सगळ्यांनाच सर्दी होते, हे मला कळायला हवं होतं). मी मागचा-पुढचा विचार न करता माफी मागायला सुरुवात केली. चांगली वीस मिनिटं मागितली, शेवटी रडलोसुद्धा. तुम्ही मृदू आवाजात म्हणालात, 'अहो, होतं असं, मनावर घेऊ नका.' तुम्ही मला आयुष्यात कधी 'अहो' म्हटलेलं नाही, पण माफी मिळत असताना कोण खोलात जातं!

काल पोस्टाने त्या संभाषणाच्या खात्रीचं कार्ड आलं. शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं, 'सिग्नल उत्तम, माफी त्याहून उत्तम. परंतु मी अविवाहित असल्यामुळे कुणाचा दाजी असण्याचा संभव कमी. त्या गृहस्थांनाही एकदा सांगून पाहावे.'

म्हणून सांगतो. दाजी, चुकलो. पट्टीबद्दल तुमचं खरं होतं, आणि नसतं तरी मी तसं बोलायला नको होतं. पाच रविवार तुमच्याशिवाय फार भकास गेले. पण ही माफी कागदावर चालायची नाही, मला ती तुमच्या कानात घालायची आहे.

तुमचाच,
खुडबुड्या

ता. क. हे पत्र ताईच्या हाती लागू देऊ नका.

दुसरा ता. क. पत्राचं खरं कारण हे: येत्या रविवारी मी पट्टी बंद ठेवून चाचपडत येईन. तुम्ही पावणेदहापासून बोलत राहा. 'नमस्कार, आवाज कसा येतो' असलं गोड काही नको, तसं सगळेच बोलतात. जो मला पहिल्याच वाक्यात गाढव म्हणेल, त्याचीच मी माफी मागेन.

तिसरा ता. क. (यांच्या बायकोकडून) दाजी, नमस्कार. पाकीट चिकटवायच्या आधी यांना विचारलं, की शिट्टी जर त्या एकाच जागेवर आहे, तर तुम्ही दोघं जरा बाजूच्या फ्रिक्वेन्सीवर सरकून का बोलत नाही? तेव्हापासून हे भिंतीकडे बघत बसलेत. रविवारी तुम्ही थोडं वर सरका, मी यांना आणते. आणि ते 'गाढव' मी आत्ताच म्हणून घेतलंय, तेव्हा तुम्ही थेट यांची माफी ऐकण्यापासून सुरू करा.