फौजीच्या कानांचं खापर

७ सप्टेंबर, रविवार

कानात अजून घूं घूं चालूच. दुपारी कराडहून आलो, आई काय म्हणते ते दोनदा विचारावं लागलं.

पण काय ती विसर्जन मिरवणूक! दोस्त शिवतेजच्या मंडळाची डॉल्बी म्हणजे नुसती भिंत. आणि हिरो कोण? आमचा फौजी! त्याला लस टोचायला नेलं होतं, तर शिवतेजने दोघांनाही ठेवून घेतलं. तीन महिन्यांचं पिल्लू, पण अख्खी मिरवणूक माझ्या मांडीवर, ट्रॅक्टरवर, पाठीमागे डॉल्बी. सुरुवातीला थरथरत होता, सारखा बगलेत तोंड खुपसायचा. पोरं ओरडायची, "वर धर, वर धर!" मी धरायचो. नंतर गप्प झाला. सरावला. त्याच्या अंगावरचा गुलाल आईनेच पुसला.

आबांना यातलं काही सांगायचं नाही. फौज सुटल्यापासून साताऱ्याला सिक्युरिटीत आहेत, ड्यूटीवर परत जाताना बजावून गेलेत — "पिल्लू गर्दीत न्हेऊ नगंस."

१५ सप्टेंबर

फौजी लाडावलाय. हाक मारली तर ढिम्म! आज चिडून चप्पल फेकली. लागली त्याला. हे कुठून आलं, अशा नजरेने इकडेतिकडे बघत राहिला.

३ ऑक्टोबर

नुसता झोपतो. आई म्हणाली, "पयलं माझ्या बांगड्या वाजल्या तरी उठायचा." मोठा झाला आता, मी म्हणालो. आईने नुसता त्याच्या कानांवरून हात फिरवला.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

दारात सुतळी बॉम्ब. शेजारची म्हैस दावं तोडायला आली. फौजी पायरीवर झोपलेला, कानसुद्धा हलला नाही! सुटीवर आलेले आबा जाम खूश. "नाव ठिवलं ते सार्थ केलं गड्यानं. आमच्या पलटनीत आसा एकबी न्हवता!"

सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसता डॉल्बीची ती भिंत आठवली.

२२ ऑक्टोबर

तो पाठमोरा असताना डबा वाजवला. नाही. शिट्टी मारली. नाही. नाव घेऊन ओरडलो. नाही! पाय आपटला तेव्हा फरशी हादरली म्हणून वळला, तेवढंच.

बघतो तर मागे आबा, दारात आई. "भैरं हाय व्हय रं हे?"

मी मान हलवली.

"जन्माचंच आसंल."

असेल, म्हणालो. एवढा एकच शब्द. लगेच मागे घेता आला असता. घेतला नाही. फौजी आटपाडीच्या नाथामामाच्या कुत्रीचं पिल्लू. म्हणजे खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार, हे बोलतानाच कळत होतं मला. आबांचा राग मामावर गेला आणि मी सुटलो. खरं सांगायचं तर बरं वाटलं. थू माझ्यावर.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

मामा आला. पाटावर बसला, आई ओवाळायला उभी राहिली. तेवढ्यात आबांनी सुरुवात केली. "मेव्हणं, लय चांगली भेट दिलीसा. भैरं कुत्रं गळ्यात मारलंत!"

आईचा हात थांबला. मला वाटलं आता मामा भडकणार. दोन वर्षांपूर्वी बोलाबोली झाली तेव्हा न जेवता उठून गेला होता तो. पण आज खालमानेने म्हणाला, "व्हय दाजी. चुकलंच माझं. त्याची आईबी आसलीच हाय. मी जातो घिऊन."

मामाची कुत्री बहिरी नाही! लांबून मोटारसायकलचा आवाज आला तरी फाटकात येऊन उभी राहते, मी स्वतः पाहिलंय. मग मामा असं का म्हणाला? भांडण नको म्हणून? सणाचा दिवस म्हणून?

"राहू दे त्याला," एवढंच मला बोलता आलं. मामाने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मी ताटातली करंजी मोडत बसलो.

२७ ऑक्टोबर

जनावरांच्या डॉक्टरांकडे एकटा गेलो. तिथे मात्र सगळं ओकलो. परक्या माणसाला सांगणं किती सोपं! ते म्हणाले, मोठ्या आवाजाने कान जाऊ शकतात, पण खात्रीने सांगायला पुण्यात तपासणी करावी लागेल. ऐकू परत येईल याची आशा फार धरू नका. झोपेत मागून हात लावू नका, दचकून चावेल. रस्त्यावर मोकळा सोडू नका. आणि हाक मारायची नाही, हाताने दाखवायची.

निघताना म्हणाले, "पिल्लाला काय कळतं हो? तुम्हाला तर कळत होतं ना?"

२ नोव्हेंबर

कारखाना सुरू झालाय. साखळी निसटली आणि फौजी थेट उसाच्या ट्रॅक्टरपुढे. हॉर्नवर हॉर्न! तो आपला मजेत वास घेत उभा. आई पदर सोडून धावली, उचलून आणला. मला म्हणाली, "त्याला ऐकू येत न्हाई, तुला तर येतंय न्हवं?" मी तिथेच उभा होतो, रिकामी साखळी हातात.

९ नोव्हेंबर, रविवार

आबा घरी. सकाळपासून फौजीला घेऊन अंगणात. पलटनीतल्या हाताच्या खुणा शिकवतायत — मूठ वर, थांब. तळवा खाली, बस. आणि फौजी बसला! आबांच्या हातावरून त्याची नजर हलत नाही. इतकं शहाणं पोर, आणि मी त्याला चप्पल मारली होती.

आबा हसून म्हणाले, "तुज्या मामाचं पाप फेडतोय मी."

मग राहवलंच नाही. मिरवणूक, ट्रॅक्टर, वर धरणं, सगळं सांगितलं. आई चुलीपाशी होती. आबा ओरडतील म्हणून वाट बघत राहिलो. ते ओरडलेच नाहीत. फौजीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सणाला आलेल्या मानसाला मी काय काय बोललो रं." ओरडले असते तर परवडलं असतं.

१० नोव्हेंबर

मामाला फोन केला. मला पुरतं बोलूच दिलं नाही त्याने.

"ठाव हाय रं मला मिरवणुकीचं. भाऊबीजंच्या आदल्या दिशीच ताईचा फोन आला व्हता. म्हनली, दाजी बोलतील ते ऐकून घे नाथा, पोरगं माझं हाय."