आत्याचं कलम

बाबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच तुमच्याशी कडकडून भांडावंसं वाटतंय.

तुम्ही खासदार होतात तेव्हाचा तो रविवार आठवतो. दिल्लीत बोभाटा नको म्हणून बैठक आपल्या बडोद्यातल्या पाणीगेटच्या घरी. पुढच्या खोलीत सत्ताधारी, स्वयंपाकघरात विरोधक, कारण दोघांना एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं. तुमचा मधला गट इनमिन सात जणांचा, जुन्या वळणाचा, पण कुणाशी वाकडं नसलेला. त्यामुळे दोन्हीकडच्यांचं तुमच्यावाचून अडायचं. विधेयकाचा मसुदा घेऊन तुम्ही इकडून तिकडे फेऱ्या मारताय, मी मागून चहा नेतेय, आणि आत्या एका कोपऱ्यात लहरीपुऱ्याच्या दुकानातल्या साड्यांना फॉल लावत बसलीय. घरबसल्या काम करणाऱ्या बायकांना पेन्शन देणारं कलम तुम्ही तिच्याकडे बघून घातलं होतंत, हे तुम्हीच तिला सांगितलेलं. पुढे विधेयक मंजूर झालं, त्या कलमाशिवाय. तुम्ही तिच्याजवळ बसलात आणि म्हणालात, "दोघांनीही ऐकलं नाही गं, ताई." तिनं उलट तुमच्याच पाठीवरून हात फिरवला, आणि डोळे जाईपर्यंत फॉल लावत राहिली.

परवा तुमच्या कपाटात तो मसुदा सापडला. त्या कलमावर तुमच्या हिरव्या शाईची काट, आणि समासात तुमचंच अक्षर: 'कुणी मागायच्या आधीच हे सोडून देऊ. बैठक खेळीमेळीत सुरू होईल.' म्हणजे कुणी मागितलंसुद्धा नव्हतं, बाबा! खोडलेला कागद हातात घेऊन तुम्ही तिच्यासमोरून दिवसभर ये-जा केलीत, तिनं केलेला चहा प्यायलात. सगळं बडोदं तुम्हाला समंजस म्हणायचं. शाळेत एकदा खोटं बोलले म्हणून तुम्ही दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होतात, ते आठवून अंगाचा तिळपापड झाला. इतका राग मला तुमचा कधीच आला नव्हता.

कागदाचा आवाज आत्यानं ऐकला. आता तिला अजिबात दिसत नाही.

"भाऊच्या अक्षरातलं आहे? चाल, बेस इथं आणि वाच. आमचं कलम आहे ना त्यात?"

मी ते कलम पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं.

"बघ, लिहिलं होतं त्यानं," ती म्हणाली. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. काट आहे, हे मात्र मीही तिला सांगितलं नाही.