मनामातली गिरणी

नेरूळ,
१९ जानेवारी १९९७

प्रिय ताई,

तिळगुळाचं पार्सल पोचलं असेल. हलवा या खेपेला जरा कडक झालाय, भावोजींनी दात सांभाळून खावा. आमचं बरं चाललंय. श्रुतीचं आठवीचं गणित तिच्यापेक्षा ह्यांनाच जास्त छळतंय. तुझं दिवाळीपासून पत्र नाही. कामात असशील.

आता बातमी. बहारीनची गिरणी उभी राहतेय. मनामा शहरात, भर बाजारात. व्हिसा आला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी निघते, एकटीच. इथली गिरणी हे ऑफिसला जाण्याआधी उघडून देतील, मग दिवसभर दळायला आमचा गंगाराम आहेच.

पैसे कुठून आणले म्हणशील. आमच्या सोसायटीतली स्मिता आठवते ना? नवऱ्याच्या नोकरीपायी बहारीनला गेली, आणि दर सुट्टीत माझ्याकडून ज्वारीचं पीठ नि भाजणी बॅगा भरून नेते. तिनेच तिथल्या एका अरब किराणावाल्याला माझ्याशी भागीदारीला तयार केलं. जागा आणि परवाना त्याचा, दळण माझं. मशीनचे पैसे मात्र मी आणायचे.

दिवाळीनंतर वाशीच्या बँकेत गेले. साहेब भला माणूस, चहा पाजला. म्हणाला, "मॅडम, नेरूळच्या गिरणीला लोन हवं तर आत्ता देतो. पण परदेशातल्या धंद्याला इथून पैसा पाठवायचा म्हणजे सरकारी परवानगी. मोठ्या कंपन्यांच्या नाकी नऊ येतात, तुमचं काय घेऊन बसलात."

"आमचं राहतं घर गहाण ठेवलं तर?"

"बंगला ठेवा. पैसा तरीही इथेच राहणार."

बाहेर येऊन बस स्टॉपवर बसले. आमची बस आली नि गेली, उठावंसं वाटेना. तेव्हा आठवलं, श्रावणात गिरणीची मोटर जळाली होती, तेव्हा सोसायटीतल्या बायकांनीच दळणाचे पैसे आगाऊ देऊन नवी बसवून घेतली होती. मग मी इथून पैसा न्यायला का धडपडतेय? ज्यांना पीठ हवंय ती माणसं तर तिकडेच आहेत.

स्मिताला फोन लावला. ती म्हणाली, "न बघितलेल्या गिरणीला आगाऊ कोण देणार, चारू?"

"गिरणी नको दाखवूस. पीठ दाखव."

तिचा नवरा तेव्हा सुट्टीवर इथे आला होता, त्याच्याबरोबर भाजणी धाडली. शुक्रवारी तिथे सुट्टी असते. स्मिताने ओळखीची सगळी कुटुंबं घरी बोलावली आणि दुपारभर थालीपिठं लावली. एक बाई म्हणे खाता खाता उठून पर्स घेऊन आली. मग म्हणाली, "माझे वर्षाचे पैसे आजच घे." तिच्यामागून एकेक करून सगळ्यांनी दिले. एका गुजराती केटररने रोजच्या बेसनाची ऑर्डर दिली, तीही आगाऊ. ते बघून उरलेली भर किराणावाल्याने आपणहून घातली आणि मशीन मागवलं. त्याने मला फोन केला, "सिस्टर, बोर्डपर नाम क्या लिखूँ?" मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनीच रिसीव्हर घेऊन माझं नाव सांगितलं.

आता एक गोष्ट, जी टाळत पत्र इथवर आणलं. आईच्या मिरजेच्या घरावर कर्ज काढायला तू सही देते म्हणाली होतीस. दिवाळीत मी कागद घेऊन आले, तेव्हा भावोजी सगळ्यांसमोर म्हणाले, "पीठ दळायला विमानाने जायचं?" सगळे हसले. तू चहाचा ट्रे धरून उभी होतीस. काही बोलली नाहीस, सहीही केली नाहीस. परतीच्या एसटीत मी पनवेलपर्यंत रडले. खोटं कशाला सांगू?

पण ताई, तू सही केली असतीस तरी तो पैसा बहारीनला पोचला नसता. बँकेच्या साहेबाने हे सांगितलं, तेव्हा मला आधी तूच आठवलीस. उगाच तोंड लपवून बसलीयस. माझं काहीही अडलं नाही. मिरजेचं घर आपल्या दोघींचं होतं तसंच राहिलं.

सही आता नको. तू ये. विमानतळावर माझ्याकडून ह्यांचा भाऊ, जाऊ, सगळे येणार आहेत. माहेरचं कुणी नाही. भावोजी आले तर त्यांनाही आण, विमान बघतील.

वाट बघतेय.

तुझी,
चारू
(मालकीण, चारुलता फ्लोअर मिल, नेरूळ आणि मनामा)