कोमट पाण्यातली शाल

३ मार्च, सकाळ
बायको तिच्या बहिणीकडे गेली. रविवारी येणार. जाताना बजावून गेली, कपाटातल्या रेशमी शालीला हात लावायचा नाही. शाल सासूबाईंची. त्यांची तेवढीच वस्तू उरलीय.

दुपार
थंडी वाजत होती. शाल पांघरून अंडं खाल्लं. बलक सांडला. घाबरण्यासारखं काही नाही, जन्मभर जीवशास्त्र शिकवलंय.

४ मार्च
एन्झाइमवाली धुण्याची पावडर आणली. अंडं म्हणजे प्रोटीन. हे एन्झाइम प्रोटीनचे तुकडे पाडतं आणि स्वतः खर्च होत नाही. एक तुकडा पडला की पुढच्याला भिडतं. वर्गात मी त्याला आदर्श नोकर म्हणायचो. उकळत्या पाण्यात शाल बुडवली. डाग ढिम्म.

संध्याकाळ
उकळत्या पाण्यात एन्झाइम निकामी होतं. हे मीच फळ्यावर लिहायचो. विसरलो नव्हतो, घाईत होतो.

५ मार्च
पाणी कोमट, पावडर दुप्पट. डाग फिका पडला. बायकोचा फोन. तिने शालीचं विचारलं नाही. जागच्या जागी आहे, असं मी आपणहून सांगितलं. तिने गाडीची वेळ सांगून फोन ठेवला.

६ मार्च
डागाचा मागमूस नाही. तरी आणखी भिजू दे, काम अर्धवट सोडायची मला सवय नाही. बादलीतलं पाणी मात्र गढूळ होत चाललंय. मळ निघतोय. सासूबाई इतक्या टापटीप, एवढा मळ आला कुठून? बोटं चुरचुरतात.

७ मार्च
सारखा हात घालून बघितल्याने बोटांची सालं निघतायत. फोन अंगठा ओळखेना. बरोबर आहे, कातडी म्हणजे प्रोटीन. एन्झाइमला आपलं-परकं कळत नाही, कुलपात किल्ली बसली की झालं. कापडाला धोका नाही. कापड म्हणजे कापूस, कापूस म्हणजे सेल्युलोज.

संध्याकाळ
रेशीम कापसाचं नसतं. किडा तोंडातून धागा काढतो. प्रोटीनचा.
भीती वाटतेय. बाथरूमचं दार बाहेरून लावलं. उद्या बघू. बायकोची गाडी बहुतेक चुकेल.

८ मार्च, रविवार
गाडी वेळेवर आली. पाय धुवायला म्हणून ती सरळ बाथरूममध्ये गेली. मी बाहेरूनच सांगितलं, डाग पूर्ण गेलाय. तिने दोन्ही हातांनी शाल उचलली. काठ हातात आले, मधलं सगळं पाण्यात राहिलं.
वाटलं, आता बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली, बांगड्या मागे सारल्या आणि उरलेलं शोधत गढूळ पाण्यात चाचपत राहिली.
हात घालू नकोस, एन्झाइम अजून काम करतंय, एवढं तरी मी सांगायला हवं होतं.