बारा वर्षांच्या हाताचं माप

जयपूर,
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, १९५५

प्रिय विभा,

अनेक आशीर्वाद. बोट कलकत्त्याहून सुटली ना? हे पत्र तुझ्या ट्रंकेत शालीच्या घडीत ठेवते आहे, म्हणजे समुद्रावरचं वारं लागलं, शाल काढलीस की हातात पडेल. तू आत्ता कॉलेजात शेवटच्या सूचना ऐकायला गेली आहेस आणि मी पूजा आटोपून, लाडू वळायचे सोडून लिहायला बसले आहे. कागदावर तुपाचा डाग दिसला तर समजून घे. तोंडाने सांगायला गेले तर रडू येईल, आणि प्रवासाला निघणाऱ्या माणसासमोर रडू नये.

पण आनंद किती झालाय म्हणून सांगू! सकाळपासून तीनदा तुझा नकाशा उघडला. आग्रा, कलकत्ता, मग ते सगळं निळं पाणी आणि पलीकडे रंगून. खन्नाभाभीजी कुंपणावरून म्हणाल्या, लडकी को समंदर पार भेज रही हो, डर नहीं लगता? मी म्हटलं, चौदा मुली एका बोटीवर आहेत भाभीजी, डर समुद्राला वाटायला हवा. डिंकाचे लाडू मैत्रिणींना वाट, पण चिवडा परतीपर्यंत पुरव.

तुझे बाबा नाहीच म्हणत होते. मग तुमच्या इतिहासाच्या प्रधानबाई घरी आल्या आणि चहा घेताघेता म्हणाल्या, इतिहास नुसता देवळांत आणि थडग्यांत बघायचा नाही. रंगूनच्या गल्ल्यांत लढाई सोसलेली माणसं अजून आहेत, प्रत्येक मुलीने त्यांतल्या एकाला गाठायचं आणि त्याला काय आठवतं ते त्याच्याच शब्दांत लिहून आणायचं. ते ऐकलं मात्र, मी बाबांच्या आधी ‘जाईल ती’ म्हणून मोकळी झाले. साबणाच्या चिपा चिकटवून वापरणारी, एकादशीला चहासुद्धा न घेणारी आपली आई हो कशी म्हणाली, ते तुला कळेना. आई, ताप आहे का गं तुला, असं कपाळाला हात लावून विचारलंस. वाह्यात!

आणि त्या लाखेच्या बांगड्या! मनिहारांच्या रस्त्यावर तुझा जोड झाल्यावर मी आणखी एक मागितला. लाख तापवता तापवता मनिहारणीने विचारलं, किती मोठी मुलगी? मी पटकन म्हणाले, बारा वर्षांची. कोण गं, असं तू विचारलंस तेव्हा प्रधानबाईंची मुलगी म्हणून ठोकून दिलं. भर रस्त्यात पोट धरून हसलीस. अगं आई, बाईंचं लग्नच झालेलं नाही! खोटं बोलायची सवय नसली की असं होतं. तरी एक खोटं मी आठ वर्षं नीट सांभाळलं आहे.

नीलकंठमामा तुझ्या बारशाच्या वर्षी रंगूनला लाकडाच्या वखारीत नोकरीला गेला आणि बेचाळीस साली बॉम्ब पडले तेव्हापासून त्याचा पत्ता नाही, हे तुला ठाऊक आहे. तारामतीमामी वाईला तुझ्या आजोबांजवळ, बापूंजवळ राहते, रोज कुंकू लावते. बारा वर्षं उलटली म्हणून बापूंनी गेल्या साली लिहिलं, दर्भाचा पुतळा करून नीलूला अग्नी देऊ. एकदा ते झालं की मामीचं कुंकू पुसलं जाणार. मी कधी अधिक मास पुढे केला, कधी माझं आजारपण. बहिणीचं मन मानत नाही, असं सगळे म्हणतात. आता बापूंनी माघातली अमावास्या नक्की केली आहे.

मन मानत नाही असं नाही, विभा. मला माहीत आहे. सत्तेचाळीस साली त्याचं पत्र आलं होतं. इतके दिवस पोथीच्या बासनात होतं, ते याला टाचलं आहे. ताई, मी जिवंत आहे, असं लिहिलंय त्याने. इथल्याच एका बाईने लपवलं, जगवलं, तिच्याशी संसार मांडला, मुलगी चार वर्षांची झाली. घरी कोणत्या तोंडाने कळवू, तूच ठरव. मी काही ठरवलं नाही. उत्तरसुद्धा पाठवलं नाही. मामीचं कुंकू राहावं म्हणून गप्प आहे असं देवासमोर म्हणत आले, पण खरं म्हणजे मला त्याचा राग आला होता. आता जिवंत भावाला अग्नी देऊ देणार नाही आणि मामीलाही खोट्या आशेवर ठेवणार नाही. पत्रावर बत्तिसाव्या गल्लीतलं घर आहे. प्रधानबाईंना घेऊन जा. तुझा एक माणूस तोच. तो असेलच, मी गोविंददेवजींना सांगून आले आहे. त्याला काय आठवतं ते सगळं लिही, मग मामीच्या नावाने त्याच्या हातच्या चार ओळी घे, खऱ्या. त्या घेऊन अमावास्येच्या आधी मी स्वतः वाईला जाईन आणि मामी बोलेल ते ऐकून घेईन. तू मात्र तिथे भांडू नकोस, दोघांनाही वाकून नमस्कार कर. आणि तो लहान जोड त्या पोरीच्या हातात तूच भर. माप चुकलं असलं तर निखाऱ्यावर जरा धर, लाख सैल होते. तिचं नाव त्याने लिहिलं नव्हतं आणि मी विचारलं नाही. तेवढं विचारून ये.

तुझीच,
आई