मेथिओनिन मी स्वतः बघतो

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून गाईंचा खुराक मी ठरवणार. कोरीनला फोन करून सांगितलं. अकरा वर्षं ही बाई दर महिन्याला येते, शेण चिवडते, लॅपटॉप उघडते आणि खुराकाचा सल्ला देते. म्हणाली, बरं वेंडेल, पण लायसिन-मेथिओनिनचं प्रमाण सांभाळ. मला सांगते. विस्कॉन्सिनात एकशे वीस होल्स्टीन गाई मी सांभाळतो, तिच्याकडे एक मांजर आहे. शिवाय मी या विषयावरचं अख्खं भाषण ऐकलंय. शेवटी डोळा लागला, पण तोवर मुद्दा आला होता. प्रोटीन नुसतं ओतून उपयोग नाही, त्यातली लायसिन, मेथिओनिनसारखी अमिनो आम्लं मापात हवीत. एक कमी पडलं की बाकीची वाया.
संकल्प: दुधातलं प्रोटीन ३.० टक्क्यांवरून ३.३. एप्रिलच्या आत.

९ फेब्रुवारी
सोयाबीनची पेंड कमी, ब्लड मील जास्त. म्हणजे वाळवलेल्या रक्ताची भुकटी. लायसिन भरपूर. मार्लिस म्हणाली, गोठ्यात खून झाल्यासारखा वास येतोय. पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोने माझ्या एकाही प्रयोगाला पहिल्या दिवशी बरं म्हटलेलं नाही.

११ फेब्रुवारी
गाई मुरघास तेवढा वेचून खातात, भुकटी गव्हाणीत तशीच. एकशे वीस गाई, एक मत. आमच्या चर्चच्या समितीत हे कधी जमलं नाही.
सवय होईल.

२० फेब्रुवारी
दूध गाईमागे तीन लिटरने उतरलं. कारण थंडी. उणे बावीस. मार्लिस म्हणाली, जानेवारीत उणे अठ्ठावीस होतं, तेव्हा गाईंनी थर्मामीटर बघितला नसेल. ब्लड मील निम्म्यावर आणली. माघार नव्हे, ॲडजस्टमेंट.

२७ फेब्रुवारी
मेथिओनिनची पोती आली. बारीक मणी, वर मेणचट आवरण. मणी खुराकात नीट मिसळणार कसे, याचा बनवणाऱ्यांनी विचारच केलेला नाही. ग्राइंडरमधून काढले. मस्त पीठ झालं. या कंपन्यांनी एखाद्या शेतकऱ्याला विचारायला काय हरकत आहे?

१२ मार्च
आमचं दूध घेणाऱ्या चीज फॅक्टरीचा रिपोर्ट: प्रोटीन २.९४. लॅबची चूक. पुन्हा तपासायला लावलं.
२.९३.

१४ मार्च
कोरीन 'सहज' आली. मार्लिसने बोलावलं असणार. ग्राइंडरमधलं पीठ चिमटीत घेऊन म्हणाली, ते आवरण कशाला असतं माहीत आहे? पहिल्या पोटातले जंतू मेथिओनिन खाऊन टाकतात, त्यांच्यापासून ते वाचवायला. तू गाईंना नाही, जंतूंना जेवण घातलंस, वेंडेल. मार्लिस खिडकीकडे तोंड करून हसत होती.
भाषणात हे नव्हतं. असलं तर शेवटी असेल.

१६ मार्च
जोसेफिनने तोंड मिटलंय. आमची सगळ्यात दुधाळ गाय, तीन आठवड्यांपूर्वी व्यालेली. साठ लिटरवरून बावीसवर आली. डॉक्टर म्हणाले, व्याल्यावर पोटभर खाल्लं नाही, अंगातली चरबी जाळतेय, किटोसिस. औषध पाजून गेले. मी दुपारभर तिच्याजवळ पेंढ्यात बसून होतो. हातावर काकवीचं पाणी धरलं. तिने हुंगलं आणि मान फिरवली. आजवर या गाईने माझ्या हातचं कधी नाकारलं नव्हतं.
मार्लिस आली, शेजारी बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, तू चुकलास याचं काही नाही रे, पण भोगतेय ही. हात पुढे केला. मी खाद्याच्या खोलीची किल्ली दिली.

१७ मार्च
खुराकाचं रोजचं काम मार्लिसकडे सोपवलं. मालकाने कामं वाटून द्यायला शिकलं पाहिजे. कोरीन आता मंगळवारी येते. दोघी स्वयंपाकघरात बसतात, मी आलो की हवामानावर बोलतात.

२४ मार्च
जोसेफिन खायला लागली. मार्लिसच्या हातून.

५ एप्रिल
प्रोटीन ३.२८. दूध पूर्वीपेक्षा दोन लिटर वर. माझ्या योजनेला वेळ लागणार, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो. निदान मनात.

१८ एप्रिल, दुपार
जिल्ह्याच्या डेअरी मेळाव्याच्या सेक्रेटरीचा फोन. तुमच्या गोठ्याचे आकडे बघितले, म्हणाला, अमिनो आम्लांवर तुमच्याकडचं कुणी बोलेल का? मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, तसा वेळ नसतो, पण काढू. चाळीस मिनिटं पुरणार नाहीत, हेही सांगितलं.
तो म्हणाला, छान. मार्लिस आहेत का घरात?
म्हटलं, दूध काढतेय. निरोप देतो.
दोन तास झाले. ती आत भांडी धुतेय. निरोप उद्या देईन.