आईच्या वाटणीचं केशिक

बिश्केक, २ सप्टेंबर

ती. झूराकान वहिनींस,
बुरुलचा सा. न.

दवाखान्यात आईचं मांडीचं हाड जुळतंय, पण ताट आलं की ती भिंतीकडे तोंड फिरवते. डॉक्टर म्हणतात, खाल्लं नाही तर उठायची नाही. तिचं एकच पालुपद: नातवाच्या लग्नाला जाता येत नाही, निदान तिथल्या मेजवानीतला घरी पाठवायचा वाटा, ते केशिक तरी मिळू दे. मागच्या लग्नातला तिचा वाटा तुम्ही पाठवलात, तो प्लास्टिकच्या पिशवीत घामेजून आंबला. मी टाकून दिला तेव्हा ती ढसाढसा रडली होती.

म्हणून आमच्या प्रयोगशाळेतला पापुद्रा पाठवतेय. बिहीच्या फळातल्या बियांचा चिकट रस वाळवून केलाय, त्यात डोंगरातल्या कियिक-ओतच्या पाल्याचा अर्क आहे; त्यानं मांस लवकर नासत नाही. एक तुकडा यात, एक नेहमीच्या पिशवीत ठेवा. वाटेत कुणी उघडायचं नाही, नाहीतर माझी तुलना फुकट.

तुमची लाडकी (असं मीच ठरवलंय)
बुरुल

लेइलेक, ९ सप्टेंबर

चि. बुरुल हिस अनेक आशीर्वाद.

लग्न छान झालं. सून आयझिरेक गुणी आहे. चहा देताना एक थेंबही सांडला नाही. तुझा पापुद्रा बघून तुझे दादा म्हणाले, मी अख्खा घोडा कापला आणि बहिणीनं त्याला साबणाचा फुगा नेसवला! तरी मी मांस थंड करून तू सांगितलंस तसंच गुंडाळलं. गाडीवाल्या माम्बेतला चारदा बजावलंय. दोन दिवसांचा रस्ता, ऊनही कडक. जीव टांगणीला लागलाय. आईंनी खाल्लं की लगेच कळव.

तुझी वहिनी

बिश्केक, १२ सप्टेंबर

ती. वहिनींस सा. न.

काल माम्बेत आला. गाडीत लग्नाचं केशिक आहे म्हटल्यावर पाच प्रवाशांना नाही कसं म्हणायचं? वाटेत ओशला दोन्ही पुडकी सोडून सगळ्यांनी घास घेतला. माझ्या तुलनेचे तीनतेरा! पिशवीतल्या मांसाला वास येत होता. पापुद्र्यातला तळहाताएवढा तुकडा मात्र चांगला होता. कोपरा तपासून मगच आज आईला दिला.

तिनं हुंगला, म्हणाली, आपल्या डोंगरउताराचा वास येतोय. आणि खोलीतल्या पाचही बायकांना नखानखाएवढा वाटून मोकळी झाली! हातात उरलं चिमूटभर. वहिनी, मला रडूच फुटलं. तेवढं तिनं खाल्लं, तळवे उघडून नातसुनेला आशीर्वाद दिला, आणि सकाळपासून झाकून ठेवलेलं सूप पुढे ओढलं. म्हणाली, नातवाच्या लग्नातून कुणी उपाशी उठतं का? पावाचा तुकडा फिरवून वाडगा पुसून घेतला.

माया आहे तशीच राहू द्या.
बुरुल